पोपके आणि यिकेची पेटी

दुर्क शिडीवरून पडला तो नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळच्या कॉफीच्या आधी. हार्लिंगनच्या जुन्या धक्क्यावर त्याचं घर आहे. खाली बोटींची शिडं शिवायची जागा आणि वर दोन खोल्यांचा संसार. वरच्या फळीवरचा कापडाचा गठ्ठा काढायला तो चढला, पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शेजारच्या रंगाऱ्यानं हाका ऐकल्या म्हणून बरं. सत्तर वर्षांचा एकटा माणूस, नाहीतर संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहिला असता.

दुपारी त्याच्या मुलीनं, रिन्स्केनं, ग्रोनिंगनहून आईला फोन केला. आई म्हणजे विट्स्के. विट्स्के आणि दुर्क वेगळे होऊन अकरा वर्षं झाली होती. ती त्याच गावात, चालत दहा मिनिटांवर, एका लहान फ्लॅटमध्ये राहत होती. विट्स्के आणि मी, आम्ही दोघींनी बोटींसाठी पूल उघडायची नोकरी वीस वर्षं एकत्र केली. पुढचं बरंचसं तिनं मला सांगितलेलं आहे, थोडं मी स्वतः पाहिलेलं आहे.

रिन्स्केला काळजी होती ती बाबांच्या पोपटांची. बाबा निदान दोन आठवडे घरी येणार नाहीत, आणि तिला स्वतःला ती शिकवते ती शाळा सोडून येता येत नव्हतं.

"मला चावतात ते," विट्स्के म्हणाली.

"सगळ्यांनाच चावतात. तुझ्यावर काही खास राग नाही त्यांचा."

याची मात्र विट्स्केला खात्री नव्हती.

हे पोपट मुळात तिनंच घरात आणलेले. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी एका मालवाहू बोटीवरचा आचारी नोकरी सोडून निघाला होता आणि पिंजऱ्याचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. विट्स्केनं पुलावरच्या केबिनमधूनच त्याला होकार दिला. दोन्ही पक्षी दक्षिण अमेरिकेतले, कबुतराहून थोडे मोठे, हिरवेगार, कपाळावर निळा पट्टा आणि गाल पिवळे. नराचं नाव पोपके, मादीचं यिके. आता पोपके चाळिशीला टेकलेला आणि यिके त्याच्याहून दोनेक वर्षांनी लहान.

पहिली काही वर्षं विट्स्के इस्त्री करत असली की यिके तिच्या खांद्यावर येऊन बसायची. मग त्या दोघांची जोडी जमली. एकमेकांची मान खाजवायची, एकाच वाटीतून खायचं, दुपारी एकमेकांना टेकून झोपायचं. तिसऱ्याचं तिथं काम उरलं नाही. एकदा यिकेनं विट्स्केचं बोट असं फोडलं, की तीन टाके घालावे लागले. तेव्हापासून तिनं पिंजऱ्यात हात घातला नव्हता. दुर्कसुद्धा त्यांना धरत नसे. तो दाणे घालायचा, तळाचा ट्रे काढून धुवायचा आणि दिवसभर खालून, शिवणयंत्रावरून त्यांच्याशी बोलायचा. विट्स्के म्हणायची, की एवढं तो माझ्याशी बोलला असता तर मी अजून त्या घरात असते.

तर अकरा वर्षांनी ती तो जिना पुन्हा चढली. पडदे तेच होते. खिडकीपाशी पुरुषभर उंचीचा पिंजरा होता आणि त्यात दोघं एकमेकांना चिकटून तिच्याकडे बघत होते. पोपकेची छाती तिनं पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. गळ्यापासून पोटापर्यंत पीस नव्हतं, सोललेल्या कोंबडीसारखी करडी-गुलाबी कातडी होती. तो स्वतःची पिसं उपटतो हे तिला ठाऊक होतं. ती घर सोडून गेली त्याच वर्षी दुर्कनं फोनवर तिला ते ऐकवलं होतं. तू गेलीस म्हणून तो असा झाला, असं म्हणून त्यानं फोन ठेवला होता. त्यानंतर या विषयावर कुणीच बोललं नव्हतं, पण ते वाक्य काही तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

ती रोज सकाळी आणि दुपारी जाऊ लागली. दाणे घालायचे, पाणी बदलायचं, हात चटकन मागे घ्यायचा. पाचव्या दिवशी यिकेनं आळस दिला. एक पंख आणि एक पाय लांब ताणला, आणि पोटाच्या वरच्या बाजूला पिसांच्या आड विट्स्केला एक गाठ दिसली. चांगली बोराएवढी.

फ्रानेकरला पक्ष्यांच्या एक डॉक्टर आहेत, फोप्मा नावाच्या. विट्स्केनं त्यांना फोन केला. डॉक्टरांनी विचारलं, श्वास कसा आहे, खाते का, शेपूट खालीवर हलते का. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, की गाठ कसली आहे हे फोनवर सांगता येणार नाही. चांगली असेल, वाईट असेल. बघावी लागेल, सुईनं थोडा अंश काढावा लागेल, फोटो काढावा लागेल, आणि त्याची यंत्रं दवाखान्यात आहेत. म्हणजे पक्षी आणायला हवा.

"मी घरी आले तरी मला तिला टॉवेलनं धरावंच लागेल," त्या म्हणाल्या. "याआधी कधी धरलंय का?"

धरलं होतं. एकदा, रिन्स्के लहान असताना, खोलीला रंग द्यायचा होता म्हणून. दुर्कनं जाड हातमोजे घालून यिकेला पकडलं आणि ती तोंड उघडं टाकून धापा टाकत इतका वेळ पडून राहिली, की ती गेलीच असं सगळ्यांना वाटलं. विट्स्केनं हे सगळं डॉक्टरांना सांगितलं.

मग डॉक्टर म्हणाल्या, "आता ती म्हातारी आहे आणि लठ्ठही असणार. तेव्हा जे सोसलं ते आता सोसेल असं मी म्हणणार नाही. श्वासाला त्रास व्हायला लागला तर मात्र टॉवेल घाला आणि लगेच निघा. नाहीतर तुमच्याकडे काही आठवडे आहेत असं धरून चला. तिला स्वतःच्या पायांनी पेटीत जायला शिकवा."

"शिकवू? या वयात?"

"वयाचं काही नाही हो. आणि दोघांनाही शिकवा. एकाला मागं ठेवून दुसऱ्याला आणू नका."

विट्स्केला वाटलं, दोघांना शिकवणं म्हणजे दुप्पट काम. आधी एकट्या यिकेला शिकवू. तिनं एक युक्ती केली. पोपके वरच्या दांडीवर असताना पिंजऱ्याच्या मधला पत्रा सरकवला आणि दोघांना वेगळं केलं. पोपके जो किंचाळायला लागला, तो धक्क्यावरून मला ऐकू आला. मी वर गेले तर विट्स्के कानावर हात ठेवून उभी होती, यिके पत्र्याला चोच मारत होती आणि दोघांनीही दाण्याला तोंड लावलेलं नव्हतं. तिनं पत्रा काढला. दोघं एकमेकांजवळ आली, पण त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती विट्स्केकडे पाठ करूनच बसली.

दुर्कला तोवर लेवार्डनजवळच्या एका आरोग्यधामात हलवलं होतं. जखमेत पू झाल्यानं दोन आठवड्यांचे दोन-तीन महिने होणार असं दिसत होतं. विट्स्के रविवारी साखरेचा पाव घेऊन त्याला भेटायला गेली. गाठीचं तिनं सांगितलं नाही. पडलेल्या माणसाला कशाला घोर लावायचा. पक्ष्यांना पेटीत जायला शिकवतेय, एवढंच म्हणाली, म्हणजे पुढंमागं कुठं न्यायचं झालं तर बरं.

दुर्क हसला. "चाळीस वर्षांच्या पोपटाला? विट्स्के, अगं तीस वर्षांत तुला मला कपबशी विसळायला शिकवता आलं नाही."

"तू अक्रोड खात नव्हतास," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिला फोनवरच रीत समजावली होती. आधी लाकडी चमचा दाखवायचा. पक्ष्यानं तो चोचीनं शिवला, की त्याच क्षणी तोंडानं टक् असा आवाज करायचा, नेहमी तोच, आणि लगेच खाऊ द्यायचा. चमचा कळला की चमच्यामागं चालायला लावायचं, आणि चालायला लागला की चमचा पेटीत. घाई करायची नाही. पक्ष्यानं मान फिरवली की आपण थांबायचं. आणि खाऊ नेहमीच्या दाण्यात मिसळायचा नाही, नाहीतर त्याची किंमत राहत नाही.

यिके तीन दिवसांत शिकली. पहिल्या दिवशी चमच्याकडे संशयानं बघितलं, दुसऱ्या दिवशी चावा घेतला, टक् ऐकलं, अक्रोडाचा तुकडा मिळाला, आणि तिसऱ्या दिवशी विट्स्के जिना चढतानाच ती गजांपाशी येऊन उभी होती. पोपके मात्र चमचा दिसला की पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा आणि घशातून खरखर काढायचा.

आणि यात एक भानगड होती. यिके अक्रोड कमवायची, तो चोचीत धरून कोपऱ्यात जायची आणि पोपकेला भरवायची. त्याला बसल्या जागी सगळं मिळत होतं. मग त्यानं चमच्याला भ्यायचं सोडून कष्ट का करावेत?

"आयतोबा," विट्स्के त्याला म्हणाली. पोपकेनं मान खाली घालून डोकं खाजवून घेतलं, यिकेकडून.

तिनं दोन दिवस विचार केला आणि अक्रोड बंद केला. त्याऐवजी रताळं उकडून, कुस्करून, कोमट असतानाच चमच्याच्या टोकाला लावलं. ते चोचीत धरून नेता येत नाही. चमच्यापाशी येऊनच चाटायला लागतं. यिके चाटू लागली आणि पोपके कोपऱ्यातून बघू लागला. यिके परत गेली तर तिच्या चोचीला नुसता वास. तिसऱ्या सकाळी तो दांडीवरून दोन पावलं पुढं आला. चौथ्या सकाळी चार. त्या आठवड्याच्या शेवटी त्यानं मान लांब करून, डोळे बारीक करून चमच्याचं टोक चाटलं आणि घाईघाईनं परत गेला. विट्स्केनं टक् करायचंही विसरून तिथंच खुर्चीवर बसकण मारली.

पुढची अडचण म्हणजे दोघांना एकदम चमचा हवा झाला. पोपके आडदांड, तो यिकेला खांद्यानं ढकलायचा आणि तिचा घास घ्यायचा. यिके चिडून त्याच्या पायाला चावायची. इथं मात्र विट्स्केला कुणाला विचारावं लागलं नाही. पुलाच्या दोन्ही बाजूंना बोटी थांबलेल्या असतात. एका बाजूला हिरवा दिवा लागला की दुसऱ्या बाजूचे लोक तोंडानं काय वाटेल ते बोलतात, पण जागचे हलत नाहीत. पुढचा दिवा आपला, हे त्यांना ठाऊक असतं. तिनं पिंजऱ्यात दोन वेगळ्या दांड्या लावल्या, एक याची, एक तिची. दोन हातांत दोन चमचे घेतले. यिके चमच्यामागं चालली की तिला खाऊ. त्याच वेळी पोपके आपल्या दांडीवर नुसता थांबला, तर त्यालाही खाऊ. मग पोपकेची पाळी, आणि यिकेला थांबण्याचा खाऊ. तीन-चार दिवस गोंधळ झाला, विट्स्केच्या बाह्या रताळ्यानं भरल्या. पण एकदा थांबण्याचेही पैसे मिळतात हे कळल्यावर दोघं शहाण्यासारखी आपापल्या दांडीवर उभी राहू लागली.

मी एकदा बघायला गेले होते. म्हटलं, आपल्या पुलावर असे खलाशी असते तर किती बरं झालं असतं. विट्स्के म्हणाली, गप्प बस, तुझ्या बोलण्यानं त्यांचं लक्ष जातं.

नाताळाच्या सुमाराला तिनं पेटी आणली. कुत्र्यासाठी असते तसली मोठी, समोर जाळीचं दार. दार काढून टाकून ती पिंजऱ्यासमोर टेबलावर ठेवली आणि आठ दिवस तिच्याकडे कुणी बघायचं नाही असं ठरवलं. मग चमचा पेटीच्या उंबऱ्याशी. मग उंबऱ्याच्या आत बोटभर. दुर्कला हे कळल्यावर त्यानं विचारलं, की थंडीत नेणार कशी, समुद्रावरचा वारा काय तुला माहीत नाही? त्यानं रिन्स्केकडून आपली सुई, दोरा आणि सुई ढकलायला तळहातावर घालायचं चामडी कवच मागवलं, विट्स्केकडून पेटीचं माप घेतलं, आणि आरोग्यधामातल्या पलंगावर बसून शिडाच्या जाड कापडाचा एक गलेफ शिवला. समोर खिडकी, बाजूला बांधायला बंद. तिथल्या नर्सना वाटलं, म्हातारा बरा होतोय. म्हातारा खरंच बरा होत होता.

जानेवारीत दोघं पेटीत जाऊ लागली, एकामागून एक, आणि आतल्या दांडीवर मिनिटभर बसूही लागली. विट्स्केनं स्वयंपाकघरातल्या तराजूवर उभं राहायलाही यिकेला शिकवलं. पाचशे बासष्ट ग्रॅम. गाठ वाढतेय की नाही हे तिला सांगता येत नव्हतं. एखाद्या दिवशी ती मोठी वाटायची, एखाद्या दिवशी तेवढीच. विट्स्के घरी गेल्यावर स्वतःच्या बोटांची टोकं जुळवून बघायची, काल एवढी होती का, की एवढी.

आणि मग वादळ आलं. वायव्येचा वारा दुपारभर घराला धडका देत होता. विट्स्के खिडकीची कडी लावायला गेली, कडी हातातच राहिली, तावदान आत आपटलं आणि टेबलावरची पेटी खाली पडून गडगडत भिंतीवर आदळली. दोन्ही पक्षी पिंजऱ्यात वेड्यासारखे फडफडले. पोपकेच्या पंखातून रक्त आलं. विट्स्के कडी बांधून, काचा गोळा करून स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला धरून उभी राहिली. सगळं गेलं, असं तिला वाटलं. सात-आठ आठवड्यांचं सगळं.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "दार लाव, वारा येतोय."

आवाज तिचाच होता. पण आताचा नव्हे, पंचवीस वर्षांपूर्वीचा, जेव्हा ती कामावरून घरी येऊन दुर्कवर ओरडायची. यिके म्हणाली होती. पुन्हा म्हणाली. विट्स्केनं दार खरंच लावलं आणि मग ती खूप वेळ रडली. अकरा वर्षं या घरात आपला आवाज होता आणि आपण नव्हतो, आणि पोपकेनं स्वतःची छाती उपटून काढली, असं तिच्या मनात आलं. हे तिनं मला फार नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पेटी दिसली की दोघं कोपऱ्यात. तिनं पेटी खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली, जिथं ती असलेली त्यांना चालत होती, आणि तिथून रोज वीतभर पुढं आणायला सुरुवात केली. डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, की एकदा शिकलेलं ते विसरत नाहीत, यावेळी लवकर होईल. खरंच लवकर झालं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात यिके स्वतः होऊन पेटीत गेली आणि पोपके तिच्यामागून, चमचा दाखवायच्या आधीच. विट्स्केनं दार लावलं, पाच मोजले, उघडलं, खाऊ दिला. दुसऱ्या दिवशी पन्नास मोजले. तिसऱ्या दिवशी पेटी उचलून जिन्यापर्यंत नेली. चौथ्या दिवशी खाली जाऊन गाडीत ठेवली आणि गाडी न चालवता परत आणली. मग तिनं दवाखान्याची वेळ घेतली.

त्या सकाळी ती इतकी घाबरली होती की बूट उलटे घालून निघाली. पक्षी मात्र घाबरले नव्हते. आत गेले, बसले. दुर्कच्या गलेफातल्या खिडकीतून पोपके फ्रानेकरपर्यंत रस्त्यावरचे मालट्रक बघत गेला.

डॉक्टर फोप्मा उंच, संथ बाई होत्या. त्यांनी पेटी टेबलावर ठेवून आधी नुसतं बघितलं. मग यिकेला थोडा वायू हुंगवून पेंग आणली, गाठ बोटांनी चाचपली, बारीक सुई घातली, फोटो काढला. पोपके पेटीत दांडीवर बसून हे सगळं जाळीतून बघत होता, आणि विट्स्के त्याच्याकडे बघत होती. तिला दुसरीकडे बघवत नव्हतं. डॉक्टर आतल्या खोलीत गेल्या. तिथं त्यांना सुईतला अंश सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा होता. भिंतीवरच्या घड्याळात बारा मिनिटं गेली.

त्या परत आल्या त्या हात पुसत.

"चरबी आहे," त्या म्हणाल्या. "नुसती चरबीची गाठ. बाकी काही नाही."

विट्स्केनं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. कितीतरी वर्षं नुसत्या सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे खाल्ले की या जातीच्या पोपटांना अशा गाठी येतात. बिया बंद करायच्या, भाज्या आणि डॉक्टरांनी दिलेलं खाणं सुरू करायचं, वजन हळूहळू उतरवायचं. गाठ कमी होईल. नाही झाली तरी तिच्यासकट जगेल, आणखी पंधरा-वीस वर्षंही जगेल. यिके तोवर शुद्धीवर येऊन डोकं हलवत होती. तिला पेटीत ठेवल्याबरोबर पोपकेनं तिची मान एका बाजूनं पूर्ण तपासली, मग दुसऱ्या बाजूनं.

पोपकेची छातीही डॉक्टरांनी बघितली. कातडी निरोगी होती. हा असा कधीपासून, असं त्यांनी विचारलं. अकरा वर्षं, विट्स्के म्हणाली. कारण विचारलं, तर तिनं खांदे उडवले.

ती गाडीत येऊन बसली. किल्ली लावली आणि हात तसेच चाकावर ठेवून थोडा वेळ नुसती हसत बसली. मग घराकडे वळायच्या ऐवजी ती लेवार्डनच्या रस्त्याला लागली.

आरोग्यधामात पक्षी आत न्यायला मनाई होती. म्हणून एका नर्सनं दुर्कला जाड कोट घालून, चाकाच्या खुर्चीतून गाडीपर्यंत आणलं आणि पुढच्या सीटवर बसवून दिलं. विट्स्केनं हीटर मोठा केला. मागच्या सीटवर पेटी होती. दुर्कनं वळून, मान वाकडी करून गलेफाच्या खिडकीतून बघितलं. तीन महिन्यांनी. मग त्यानं जीभ टाळ्याला लावून शिवणयंत्रासारखा आवाज केला आणि दोघांनी आतून तसाच आवाज करून उत्तर दिलं.

विट्स्केनं त्याला गाठीचं सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, चरबीपर्यंत. तिला वाटलं होतं तो दचकेल. तो समोरच्या काचेकडे बघत राहिला.

"मला दिसली होती ती," तो म्हणाला. "मेमध्ये."

"आणि मग?"

"मग काय. मला वाटलं, डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे पकडायचं, पकडलं तर ती तिथंच मरायची. नाही नेलं तर आपोआप मरायची. रोज सकाळी खाली जायच्या आधी बघायचो, जिवंत आहे का. घाबरट आहे मी विट्स्के, तुला माहितीये."

"मला सांगायचंस."

"तुला? तुला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

मागं पोपके पेटीच्या जाळीवर चोच घासत होता. तिनं खिशातून रताळ्याची डबी काढून चमच्यानं दोघांना थोडं थोडं दिलं. त्याची उघडी छाती जाळीला टेकलेली होती.

"याच्यासाठी काही करता येत नाही म्हणाल्या डॉक्टर," ती म्हणाली. "अकरा वर्षांची सवय."

"तेरा," दुर्क म्हणाला.

"अकरा. मी गेले तेव्हापासून."

"अगं, छप्पर बदललं तेव्हापासून. बाहेर परांची बांधली होती, दिवसभर डोक्यावर हातोडे. तेव्हा त्यानं सुरुवात केली. तू म्हणालीसही, पिसं झडायचा मोसम आहे. तू तेव्हा दुपारच्या पाळीला होतीस, म्हणून तुझ्या लक्षात नसेल."

छप्पर बदललं ते साल विट्स्केला पक्कं आठवत होतं. त्या वर्षी रिन्स्के कॉलेजात गेली होती. आपण घर सोडण्याच्या आधीचं दुसरं वर्ष.

"तू मला फोनवर म्हणालास," ती सावकाश म्हणाली, "की मी गेले म्हणून तो असा झाला."

दुर्कनं तिच्याकडे बघितलं. "मी असं म्हणालो?"

"हो."

"कधी?"

"पहिल्याच वर्षी. आणि फोन ठेवलास."

तो बराच वेळ आठवत होता. त्याला खरंच आठवत नव्हतं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "रागात म्हणालो असेन," तो शेवटी म्हणाला. "तुला लागावं म्हणून. तू हे इतकी वर्षं धरून बसलीस?"

विट्स्के गाडीतून उतरली. दार लावून ती त्या वाहनतळाला एक फेरा मारून आली, मग आणखी एक. त्याला चांगलं फैलावर घ्यावं असं तिला वाटत होतं, आणि तिनं ते नंतर केलंही, मार्चमध्ये, अगदी सविस्तर. पण त्या वेळी तिच्या हातापायांतून काहीतरी इतकं सुटून गेल्यासारखं झालं होतं, की रागाला धरायला जागाच सापडेना. वारा पडला होता, ऊन होतं. ती परत येऊन गाडीत बसली तेव्हा दुर्क मान वाकडी करून मागं बघत होता आणि दोघं पक्षी एकमेकांना टेकून डोळे मिटून बसले होते.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"चुकलंच," ती म्हणाली, आणि डबीतलं उरलेलं रताळं स्वतःच खाल्लं.

दुर्क मार्चअखेर काठी टेकत घरी आला. जिना त्याला बसून, एकेक पायरी वर सरकत चढावा लागला. पक्ष्यांचं नवं खाणं बघून तो पहिले काही दिवस कुरकुरला, त्यांची उपासमार चाललीय म्हणाला. विट्स्केनं सूर्यफुलाच्या बियांची पिशवी स्वतःच्या घरी नेऊन ठेवली. ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी जाते, चमच्यांचा सराव घेते, यिकेला तराजूवर उभी करते आणि आकडा फ्रानेकरला कळवते. बाकी ती आणि तो आपापल्या घरी आहेत आणि तसंच बरं आहे, असं ती म्हणते. पोपकेच्या छातीवर पीस उगवलेलं नाही. त्याला त्याचं काही वाटत असेल असं दिसत नाही.

मे महिन्यात आम्ही दोघी तीन दिवसांसाठी तेर्स्खेलिंग बेटावर गेलो. कितीतरी वर्षं जायचं जायचं म्हणत होतो. बोट बंदरातून बाहेर पडली तेव्हा मी कॉफी आणायला आत गेले. परत येऊन बघते तर विट्स्के डेकवरच्या बाकावर, तोंड उघडं टाकून, दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून गाढ झोपली होती. मी दोन्ही कप प्यायले आणि बेट येईपर्यंत तिला उठवलं नाही.